अंबाजीभाऊंचा नेम

इंदुरीच्या अंबाजीभाऊ काशिदांनी मावळात किती लग्नं जुळवली, हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. पण त्यातल्या प्रत्येक लग्नाचं थोडं थोडं त्यांच्या पोटावर जमा झालेलं होतं, आणि ते मात्र साऱ्या तालुक्याला लांबूनही दिसायचं. एखाद्या घरी भाऊ आले की आधी पोट उंबऱ्याच्या आत यायचं. मग सवडीनं भाऊ.

तळेगावच्या कारखान्यातून जरा लवकरच घरी बसल्यावर त्यांनी हे सोयरिकीचं काम अंगावर घेतलं. कुणाची पोरगी शिकून घरात आहे, कुणाचा पोरगा कंपनीत कायम झाला, कुणाकुणाचं देवक एकच निघतं, कुणाच्या आत्यानं मागं काय उद्योग करून ठेवलेत, सगळं तोंडपाठ. मानधन म्हणाल तर लग्नात एक फेटा. बाकी सगळं पोटातून. पोरगी बघायला गेलं की पोहे. बोलणी करायला गेलं की शिरा. सुपारी फुटली की पेढे, आणि मांडवात तर काय, बुंदी वाढणारा पोरगा भाऊंच्या पानाजवळ आला की घमेलं तिथंच टेकवून उभा राहायचा. एवढं करून घरी आल्यावर वाफाळता इंद्रायणीचा भात ताटात नसला, तर जेवलो असं भाऊंना वाटायचंच नाही.

तर अशा या माणसाला तुळशीची लग्नं लागता लागता, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर, डॉक्टर अपूर्वांनी खुर्चीत बसवून सांगितलं, "भाऊ, साखर आता गोळ्यांना जुमानत नाहीये. होळीपर्यंत वजन उतरवा. नाही उतरलं, तर इन्सुलिन सुरू करू."

"म्हंजी सुई?"

"हो. रोज घ्यायची. घाबरण्यासारखं काही नाही, अगदी बारीक असते."

भाऊ बसलेले होते म्हणून बरं. कारखान्यात एकदा रक्तदान शिबिर भरलं होतं, तेव्हा दुसऱ्याच्या दंडात सुई शिरताना बघून भाऊ आडवे झाले होते, आणि ज्यानं रक्त दिलं त्यानंच उठून यांच्या तोंडावर पाणी मारलं होतं. त्यात थोरले बंधू माऊली. त्यांना सुई लागली आणि वर्षाच्या आत पायाचं बोट काढावं लागलं. खरं तर माऊली सुई टाळत टाळत डॉक्टरांकडे फार उशिरा गेले म्हणून ते घडलं, आणि डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. पण भीतीला कुठलं आधी आणि कुठलं नंतर? भाऊंच्या डोक्यात सुई म्हणजे बोट, असं पक्कं बसलं होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला, नंदाबाईंना, एवढंच सांगितलं, "जरा वजन उतरवा म्हणली डॉक्टरीण." सुईची गोष्ट गिळून टाकली. गिळण्यात भाऊ पहिल्यापासून तरबेज.

मग सुरू झाले उपाय. थोरली सून प्रेरणा लोणावळ्याच्या हॉटेलात कामाला होती, रोज पाहुण्यांची थेरं बघायची. तिनं ओट्स आणले. नंदाबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, "म्हशीची आंबोण हितं कुणी ठिवली?" भाऊंनी आठ दिवस नेटानं ओट्स खाल्ले आणि मग तासाभरानं नाश्ता केला. ओट्स हाच नाश्ता होता, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. नंतर गावच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवलं, की दिवसातून दोनदाच जेवा, मध्ये काही नाही. हे भाऊंना मनापासून आवडलं, कारण त्यात किती जेवा ते लिहिलेलं नव्हतं. बैलानं पोळ्याच्या दिवशी बसावं तसे ते त्या दोन वेळांना बसू लागले. पुढं पहाटे उठून चालायला लागले. जाताना गावच्या किल्ल्यापर्यंत आणि येताना वड्याच्या गाडीपर्यंत.

पण घरातलं कसंही निभावलं असतं. खरी गोम होती ती धंद्यात. ती कळली कुसगावात.

कुसगावच्या रतनबाईंच्या नातीला, सवितेला, बघायला भाऊ पवन मावळातली मंडळी घेऊन गेले होते. मुलगा राजेंद्र, त्याची आई शालनताई आणि चार माणसं. पोह्यांच्या ताटल्या आल्या. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. भाऊंनी त्या दिवशी मन घट्ट केलं होतं. त्यांनी हात जोडले आणि ताटली हळूच पुढं सरकवली.

"मला नको, रतनमावशी."

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

त्याचं असं होतं, की ताटली सरकवणं ही भाऊंचीच खूण. मुलीकडचं काही खटकलं तर तोंडानं बोलायचं नाही, पोहे पुढं सारायचे. मुलाकडच्यांनी काय ते ओळखायचं, चहा प्यायचा, उठायचं. कुणाचा पाणउतारा नाही, कुणाची बदनामी नाही. ही खूण भाऊंनी इतकी वर्षं वापरली होती की आता ती मावळात शेंबड्या पोरालाही ठाऊक झाली होती. आणि ज्यानं ती काढली तो मात्र नेमका त्या दिवशी विसरला होता.

शालनताईंनी हातातला घास ताटलीत परत ठेवला. पोराला कोपरानं ढोसलं. राजेंद्रच्या तोंडात घास होता. गिळावा की थांबावं, हे न कळून तो गाल फुगवून तसाच बसला.

"का वं भाऊ?" रतनबाईंचा आवाज चढला. "खोट काय हाय ते तोंडानं सांगा. असं ताटली सारून आमची अब्रू काडू नका."

"न्हाई वं मावशी, तसलं काय न्हाई. वजनाचं हाय जरा."

"वजनाचं? म्हंजी पोरगी जाड हाय म्हणता?"

स्वयंपाकघराच्या दाराआड काहीतरी भांडं आपटलं. मग दुसरं आपटलं.

"तिचं न्हाई, माझं! माझं वजन! डॉक्टरनी डाएट सांगितलंय."

"आमालाबी कळतंय," शालनताई पदर सावरत म्हणाल्या. "कायतरी असल्याबिगर भाऊ पोहं सोडत न्हाईत. तुमी आमाला येताना गाडीत का न्हाई सांगितलं?"

शेवटी भाऊंनी ताटली ओढली आणि खाल्ली. तरी कुणाचा चेहरा सैल होईना, म्हणून दुसरी मागितली. दुसरी संपल्यावर रतनबाई हसल्या आणि आत जाऊन शिरा घेऊन आल्या. निघताना अंगणात शालनताईंनी बाजूला घेऊन विचारलं, "नक्की ना भाऊ?" तेव्हा ते परत घरात गेले आणि उभ्या उभ्या आणखी चार घास खाऊन आले. लग्न जमलं. राजेंद्रनंही मग तो घास गिळला असावा.

भाऊ घरी आले ते तोंड उतरवून. ज्या गावात जावं तिथं हेच होणार. मध्यस्थानं खाल्लं नाही तर मोडणार, आणि खाल्लं तर सुई. पारावर बसले असताना समोरून थोरले माऊली काठी टेकत चालले होते. भाऊंनी त्यांच्या पावलाकडं बघायचं टाळलं आणि उगाच आभाळाकडं बघत बसले.

पुढच्या आठवड्यात ते शेजारच्या सुदुंबऱ्याला बयाबाईंकडे गेले. या बयाबाई म्हणजे नंदाबाईंची लांबची मावशी. नातवाला मुलगी बघायची होती. थंडीचे दिवस, म्हातारीनं डिंकाचे लाडू केले होते. तुपात न्हाऊन आल्यासारखे चकाकत होते. ताट समोर आलं. नको म्हणावं तर पुन्हा कुसगाव. हो म्हणावं तर होळी. काही सुचेना म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटले. हात कुठं ठेवावेत ते कळेना, ते आपोआप जोडले गेले.

बयाबाई बघत राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "नेम हाय व्हय, भाऊ?"

भाऊंनी एक डोळा उघडला.

"...व्हय."

"मंग आधी न्हाई का सांगायचं! अगं ए, ताट उचल त्यांच्या म्होरलं. देवाचं मोडाया नगं. च्या तरी?"

"साखर चालत न्हाई."

"कोरा देती. बिनसाखरंचा. कुनाचा नेम हाय?"

भाऊ पुन्हा अडकले. पण या खेपेला नशीब जोरावर होतं. "ते सांगायचं नसतं," ते म्हणाले.

"व्हय, व्हय! सांगितलं की फळ जातंय," असं म्हणून बयाबाईंनी स्वतःच्याच गालावर हलकेच चापट मारून घेतली.

भाऊ कोरा चहा पिऊन बाहेर पडले, तेव्हा त्यांना छातीवरची शिळा उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटत होतं. इतकं सोपं होतं! डॉक्टरचा शब्द मोडायला आपल्याकडं कुणाला काही वाटत नाही. 'एका लाडवानं काय होतंय, खा!' म्हणणारे घरोघरी. पण देवाचा शब्द मोडायला लावला तर पाप खाणाऱ्याला लागतं आणि वाढणाऱ्यालाही. डाएट म्हटलं की लोक दोन लाडू जास्त वाढतात, आणि नेम म्हटलं की लाडू उचलून नेतात. शब्द बदलला, बाकी ताट तेच.

त्या दिवसापासून भाऊंचा नेम गावोगाव फिरू लागला. परान्न वर्ज्य. साखर वर्ज्य. संक्रांतीला मावळभर तिळगूळ घ्या, गोड बोला चाललं होतं. भाऊ तिळगूळ कपाळाला लावून बाजूच्या पोराच्या हातात द्यायचे, आणि लोक त्यांच्याच पाया पडायचे. भाऊंनी नेम धरलाय म्हटल्यावर ताटली सरकली काय, राहिली काय, खुणेचा प्रश्नच मिटला. घरी त्यांनी भाताची एकच मूद घ्यायला सुरुवात केली. नंदाबाई पातेलं घेऊन दुसऱ्यांदा आल्या की हात आडवा. शर्टाची बटणं, जी आजवर जीव मुठीत धरून बसलेली असायची, ती जरा निवांत झाली.

एक मात्र सलत होतं. किल्ल्यातल्या देवीच्या देवळावरून जाताना भाऊ पूर्वी थांबून नमस्कार करायचे. आता लगबगीनं पुढं जायचे, उधारीवाला दुकानावरून जातो तसे.

आणि सलायला आणखी एक कारण होतं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरच्या बातम्या वाहिल्या, तो स्वतः बारीक व्हायला लागला तर गाव गप्प बसणार आहे? कुणी म्हणालं, पैज हरलाय. कुणी म्हणालं, या वयात बारीक होतोय, केस काळे करतोय, कुठं तरी नक्की गुंतलाय. (केस ते आधीपासूनच काळे करायचे, पण पोटामुळं तिथपर्यंत कुणाची नजर गेली नव्हती.) पण बयाबाईंनी काढलेली बातमी सगळ्यांत जोरात पळाली. ती अशी, की भाऊंचा धाकटा पप्पू लग्नाचा राहिलाय. सगळ्या तालुक्याची लग्नं जमवणाऱ्याच्या घरात बिनलग्नाचा घोडा! त्याच्यासाठी बाप अन्न सोडून बसलाय.

पप्पू लोणावळ्यात पर्यटकांची जीप चालवायचा. तो एका संध्याकाळी तणतणत घरी आला. "आबा, ष्टँडवर पोरं मला इचारत्यात, 'बाप जेवला का आज?' माझ्यापायी उपाशी ऱ्हाऊ नका तुमी. मला न्हाई करायचं लगीन!"

"अरं, तुज्यासाठी न्हाई ते," भाऊ पुटपुटले.

"मंग कुनासाठी?"

नंदाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या नुकत्याच हळदीकुंकवाहून आल्या होत्या. तिथं बयाबाईंनी साऱ्या बायकांत त्यांची पाठ थोपटली होती, "नशीबवान गं तू नंदे, असला नवरा मिळाला." नंदाबाईंना कशातलं काही माहीत नव्हतं. पण त्या हसल्या, वाण पदरात घेतलं आणि 'व्हय मावशी' म्हणून उठल्या. नवऱ्याचं आपल्याला माहीत नाही, हे चार बायकांत कळू देण्याइतक्या त्या कच्च्या नव्हत्या.

पप्पू गाडी धुवायला बाहेर गेला. नंदाबाई समोर येऊन बसल्या.

"आवं, कसला नेम धरलाय तुमी?"

"काय न्हाई गं. असाच."

"असाच नेम असतोय? देवीला काय बोललाय?"

"देवीला... कायच बोललो न्हाई."

"मंग कुनाला बोललाय?"

साऱ्या मावळाला बोलण्यात गुंडाळणारा माणूस, पण या एका बाईपुढं त्याचं कधी चाललं नव्हतं. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "डॉक्टरीण म्हणली, होळीपातूर उतरलं न्हाई तर सुई. रोज. माऊलीदादासारखी."

चुलीवरचं दूध उतू जायला आलं तरी नंदाबाई उठल्या नाहीत, आणि हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत असावं.

"भावजींच्या पायाची पट्टी कोन बदलत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"तू."

"मंग तुमची सुई मी टोचली नसती का? मला सांगितलं असतं तर मी काय आरडाओरडा करनार व्हते? गावाला देवाचं नाव सांगितलं. घरच्या मानसाला खरं सांगायला जीभ उचलंना तुमची."

"तू घाबरशील म्हणून..."

"मी? घाबरतंय कोन ते सगळ्या कारखान्याला ठावं हाय."

भाऊंना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. नंदाबाईंना नाही आलं. त्या उठल्या, दूध उतरवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "देवीच्या आडून खोटं बोललाय. ते आधी मिटवायचं. उद्या चला."

दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन दोघं देवळात गेली. भाऊ मागं मागं, नंदाबाई पुढं. त्यांनी नारळ ठेवला आणि शेजारणीशी बोलावं तशा देवीशी बोलू लागल्या.

"आई, ह्यांनी तुला न इचारता नेम सांगितला. तेवढं पोटात घाल. आता खरा धरतोय, ऐकून घे. परक्याच्या दारचं खायाचं न्हाई. साखर न्हाई. ताटात आधी भाजी, मंग भाकर, आन् शेवटाला भाताची एक मूद."

"भात ठेवला?" भाऊंनी कुजबुजून विचारलं. त्यांना वाटलं होतं, आता भात जन्माचा गेला.

"भात सोडला तर तुमी दोन दिसांत मोडनार. मंग देवीपुढं परत कोन येनार? मी न्हाई." आणि पुन्हा देवीकडं वळून, "सणाला गोडाचं थोडं, तेबी घरचं. आन् रोज तुज्यापातूर चालत येतील. वड्याच्या गाडीकडनं न्हाई, नदीकडनं."

"किती दिवस?"

"दिस कशाला मोजताय? ज्यो नेम पाळता येनार न्हाई त्यो धरायचाच कशाला?"

भाऊंनी हात जोडले. या वेळी हात कुठं ठेवावेत हा प्रश्न पडला नाही. देवळाबाहेर पडले आणि चपला घालायला खाली वाकले, तर वाकता आलं. पण खरं हलकं झालं होतं ते आतून. आता गावात कुणी विचारलं, "भाऊ, नेम अजून चालूच का?" तर ते मान ताठ ठेवून "व्हय" म्हणायचे, आणि त्या 'व्हय'मध्ये खोटं काही नसायचं. खोटं सांभाळायला भूकही जास्त लागते की काय कोण जाणे, पण त्यानंतर त्यांना पूर्वीसारखी खा-खा सुटेनाशी झाली. घरात काय शिजतंय ते नंदाबाई बघायच्या, बाहेर काय वाढलं जातंय ते देवी बघायची. भाऊंना स्वतःला ठरवायचं असं काही राहिलंच नाही, आणि माणसाचं डाएट मोडतं ते ठरवायला गेल्यावरच.

होळी चार-दोन दिवसांवर आली आणि भाऊ तळेगावला डॉक्टर अपूर्वांकडे जाऊन बसले. नंदाबाई येते म्हणत होत्या, पण भाऊंनी एकटंच जायचं ठरवलं. आडवं पडायची वेळ आली तर निदान ती बायकोसमोर नको. आत गेल्यावर काट्यावर उभे राहिले, ते डोळे मिटून. मग रिपोर्टचा कागद डॉक्टरांच्या हातात आणि भाऊंचा जीव कागदावर.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. भाऊंकडं बघितलं. पुन्हा कागद.

"काय केलंत तुम्ही? कुठलं डाएट?"

"डाएट न्हाई. नेम."

"नेम?"

भाऊंनी सगळं सांगितलं, देवीसकट. फक्त कुसगावचे पोहे वगळले, कारण काही गोष्टी डॉक्टरांनाही सांगायच्या नसतात. डॉक्टर अपूर्वा खूप हसल्या. मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "बरं. हे आहे तसंच चालू ठेवा. गोळ्या तशाच घ्यायच्या, बंद करायच्या नाहीत. उन्हाळा संपला की परत तपासू."

"आन् सुई?"

"सध्या नको."

"म्हंजी न्हाई?"

"नाही."

"होळी झाल्यावर?"

"भाऊ, नाही म्हटलं ना. आणि पुढं कधी लागलीच, तर माऊलींसारखं टाळायचं नाही. ती शिक्षा नसते."

"न्हाई टाळणार," भाऊ म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांनी तेही मनापासून म्हटलं. बाहेर आले, पायरीवर बसले. रस्त्यावर रिक्षा होत्या, शाळेतून सुटलेली पोरं होती, कुणीतरी होळीसाठी एरंडाची फांदी सायकलला बांधून नेत होतं. भाऊंना ते सगळं अतिशय छान वाटलं. मग चष्मा पुसला, कारण काच अचानक धुरकट झाली होती, आणि घरी फोन लावला.

"नंदे."

पलीकडं भांडी घासायचा आवाज थांबला.

"न्हाई लागली. सुई न्हाई म्हणली."

आधी नाक ओढल्याचा आवाज, मग भांड्याचा, आणि मग नंदाबाईंचा नेहमीचा आवाज. "बरं झालं. येताना चण्याची डाळ घेऊन या. पुरनाला लागंल."

"मला किती पोळ्या?"

"एक."

"एकच? सण हाय गं."

"एक म्हणलं ना. तूप लावून देते."

"मोठी करशील?"

"या आधी घरी," नंदाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवताना हसल्या. ते भाऊंना तळेगावच्या भर रस्त्यात स्वच्छ ऐकू आलं.